सोवळ्यातले हात

इंदुबाईंना राग लवकर यायचा, आणि तो आला की आदर्श नगरच्या त्या गल्लीत सगळ्यांना कळायचं. कोणी चपला घालून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आलं, वाळत घातलेल्या सोवळ्याच्या लुगड्याला कोणाचा पदर लागला, की त्यांचा आवाज चढे. लोक तो राग कौतुकाने ऐकून घेत. जयपूरसारख्या परक्या गावात आपलं इतकं अस्सल माणूस आहे, याचं मराठी घरांना अप्रूप होतं.

त्या मूळच्या वाईकडच्या. नवरा नागनाथ केंद्र सरकारच्या कचेरीत कारकून. नागपूर, झाशी अशा बदल्या करत ते जयपूरला आले, आणि इथल्या एका हिवाळ्यात न्युमोनियाने गेले. दिराने वाईला बोलावलं होतं. इंदुबाई गेल्या नाहीत. "तिथं मी कोपऱ्यातली होणार. इथं निदान चुलीपुढची आहे," असं त्या म्हणत. एक भाड्याची खोली त्यांनी धरून ठेवली आणि लोकांच्या घरी स्वयंपाकाला जाऊ लागल्या.

मराठी घरं म्हणजे लष्कराच्या छावणीतली, बँकेतली, विम्यातली. दोन-चार वर्षांत बदली होऊन जाणारी. त्या घरांतल्या बायका इथल्या भाजीला, इथल्या पाण्याला कंटाळलेल्या, माहेरच्या आठवणीने झुरत असत. इंदुबाईंची पुरणपोळी पानात पडली की त्यांना आपल्या गावी गेल्यासारखं वाटे. बदली होऊन आलेल्या नव्या कुटुंबाला दूधवाला आणि शाळा यांच्याबरोबर इंदुबाईंचा पत्ताही सांगितला जाई.

आणि त्यांचं सोवळं. पहाटे अंघोळ, उंच दोरीवरचं लुगडं काठीने काढून नेसायचं, मग पानं वाढून होईपर्यंत कोणी शिवायचं नाही. सोवळ्यात साबण वर्ज्य. साबणात चरबी असते, असं त्यांच्या सासूने सांगितलं होतं आणि त्यांनी ते जन्मभर पाळलं. ज्या घरी स्वयंपाकाला जात तिथल्या परसातल्या संडासाच्या दाराशी नारळाच्या करवंटीत त्या माती ठेवत. चिमूटभर माती, तांब्याभर पाणी, झाले हात शुद्ध. "तुमच्या त्या वासाच्या वड्या तुम्हालाच लखलाभ," असं त्या म्हणत, आणि त्या घरांतल्या बायका ही गोष्ट शेजारच्या राजस्थानी बायकांना अभिमानाने सांगत. आमच्या इंदुबाई साबणसुद्धा शिवत नाहीत.

दुखणं त्यांना ठाऊक नव्हतं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मुदतीचा ताप आला होता, तोही असा की घरच्यांनी त्यांना खाटेवरून खाली उतरवून ठेवलं होतं. त्यातून त्या उठल्या, त्या उठल्याच. पुढे कधी तळणाचं जास्त झालं तर उजव्या कुशीत, बरगडीखाली कळ येई. ओव्याचं पाणी पिऊन त्या पुन्हा चुलीशी बसत. आपल्याला काही होत नाही, हे त्यांना सोवळ्याचं फळ वाटे.

त्या वर्षी चैत्रगौरीचं मोठं हळदीकुंकू रत्नप्रभाबाईंकडे होतं. रत्नप्रभाबाई म्हणजे विमा कंपनीतल्या वसंतरावांच्या पत्नी. वसंतराव मराठी मंडळाचे चिटणीस, त्यामुळे सगळं मंडळ आलं. गल्लीतल्या राजस्थानी बायकाही आल्या. त्यांची गणगौर नुकतीच बोळवून झाली होती, आणि आपल्या गौरीची ही दुसरी तऱ्हा बघायला त्या उत्सुक होत्या. बाहेरच्या खोलीत आरास, कलिंगडाची कमळं, वाळ्याचा वास. इंदुबाई आत. विधवेने हळदीकुंकवाच्या खोलीत यायचं नाही, हे कोणी त्यांना सांगितलं नव्हतं आणि सांगायची गरजही नव्हती. आरास त्यांनी दरवर्षी पडद्याच्या फटीतून पाहिली होती.

पण खोलीतल्या प्रत्येक हातातली वाटी त्यांची होती. कैरीची डाळ. भिजवलेली हरभऱ्याची डाळ पाट्यावर भरड वाटायची, कैरीचा कीस, मीठ-साखर, वरून गार केलेली फोडणी. ही डाळ चुलीवर चढवायची नाही. आणि कालवायची ती हातानेच. चमचा लागला की डाळ रुसते, असं त्या म्हणत, आणि कोपरापर्यंत हात घालून पातेलंभर डाळ कालवत. बायकांनी दुसऱ्यांदा मागितली. घरी मुलांसाठी डबे भरून नेले. उरलेली संध्याकाळपर्यंत ओल्या फडक्याखाली राहिली आणि तीही संपली.

वैशाख लागता लागता ताप सुरू झाला. आधी छावणीतल्या एका मेजरसाहेबांचा मुलगा, मग बँकेतल्या मॅनेजरच्या दोन्ही मुली, मग रत्नप्रभाबाईंची निशिगंधा, मग गल्लीतल्या शेजारणीची सून. ताप चढायचा आणि उतरायचं नाव घ्यायचा नाही. जिभेवर पांढरा थर, पोट फुगलेलं, डोळे खोल. विषमज्वर, म्हणजे मुदतीचा ताप, डॉक्टर म्हणाले. पोटात गेलेल्या घाणीतून होतो.

घाण हा शब्द ऐकल्याबरोबर इंदुबाई उठल्या. त्यांना घाण कुठे आहे ते माहीत होतं. गल्लीच्या तोंडाशी कजोडजी नावाचा म्हातारा मटक्यातली कुल्फी विकायचा. मळकं धोतर, हातगाडीखाली एक कुत्रं. इंदुबाई पदर खोचून चार बायका घेऊन त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि पोरांना विष घालतोस म्हणून त्याला इतकं बोलल्या की रस्त्यावरचे लोक जमले. त्याने काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी गाडीला हात घालून ती ढकलली. लाल फडकं गुंडाळलेला मटका कलंडला, बर्फाचं मीठमिश्रित पाणी रस्त्यावर गेलं आणि उन्हात बघता बघता सुकलं. कजोडजी गाडी घेऊन गेला तो पुन्हा दिसला नाही. संध्याकाळी निशिगंधाच्या उशाशी बसून इंदुबाईंनी तिला पेज भरवली. स्वतःच्या हाताने.

कुल्फीवाला गेला तरी ताप राहिला. तेव्हा छावणीच्या दवाखान्यातला एक तरुण डॉक्टर घरोघर फिरला. पाणी कुठलं, दूध कुठलं, कोणी काय खाल्लं, असं विचारत फिरला. छावणीतल्या मुलांनी गल्लीतली कुल्फी कधी खाल्ली नव्हती. शेजारणीच्या घरचं दूध वेगळं, पाणी वेगळं. सगळ्या तापांना सामाईक असं एकच निघालं. कैरीची डाळ. त्याने वसंतरावांना बाजूला घेऊन समजावून सांगितलं, की कधीकाळी हा ताप येऊन गेलेल्या एखाद्या माणसाच्या पित्ताशयात जंतू घर करून राहतात. त्या माणसाला काही होत नाही. पण शौचावाटे ते बाहेर पडत राहतात, आणि हात नीट धुतले नाहीत की अन्नात जातात. "त्या बाईंना माझ्याकडे पाठवा. शौचाची तपासणी करू. औषध आहे ह्यावर. तोपर्यंत स्वयंपाक मात्र करू देऊ नका."

एवढंच सांगायचं होतं.

वसंतराव मुख्य कचेरीशी भांडायला न घाबरणारे. पण हे त्यांना सांगता येईना. साठीला आलेली, सोवळ्यातली, रागीट बाई, आणि तिला काय म्हणायचं? तुमचं शौच डबीत घालून द्या? त्यांनी ते काम रत्नप्रभाबाईंवर सोपवलं. रत्नप्रभाबाईंनी तोंडाला पदर लावला. मग मंडळाच्या चार जणांत बोलणं झालं, चार जणांतून सगळ्यांत झालं. सगळ्यांना कळलं. ज्यांच्या घरी ताप नव्हता त्यांनाही कळलं. बोलायचं कोणी, यावर मात्र कोणाचं नाव ठरेना. तेवढ्यात त्या डॉक्टरची बदली ईशान्येला झाली आणि विचारणारंही कोणी उरलं नाही.

इंदुबाईंना फक्त इतकं जाणवलं की बोलावणी थांबली. ऊन फार आहे, तुम्ही थोडी विश्रांती घ्या, असं जो तो म्हणू लागला. रत्नप्रभाबाईंनी फिकट रंगाची कोटा साडी घरी आणून दिली. किती जपतात ही माणसं, असं इंदुबाईंच्या मनात आलं. साडी त्यांनी घडी न मोडता जपून ठेवली.

हात मात्र रिकामे राहायला शिकलेले नव्हते. सांगानेरला विभा बाळंतीण होती. विभा नागनाथच्या कचेरीतल्या सोबत्याची मुलगी. आई लहानपणीच गेली, तेव्हापासून ती इंदुबाईंच्या चुलीशी वाढली. शिक्षण सगळं हिंदीत, त्यामुळे मराठी अडखळत, पण मावशी म्हणायची ते पोटातून. तिचा नवरा उत्तमराव सांगानेरच्या एका हातकागदाच्या कारखान्यात हिशेब बघायचा. घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. इंदुबाई बोचकं घेऊन बसने गेल्या आणि त्यांनी घर ताब्यात घेतलं. बाळाचं न्हाणं, शेक, धुरी, विभाला डिंकाचे लाडू. आसपास छापकामाची रंगीत कापडं वाळत पडलेली असायची, आणि त्या रंगांमध्ये त्यांचं सोवळ्याचं लुगडं एकटं पांढरं दिसायचं.

सव्वा महिना झाला तेव्हा विभाने हट्ट धरला. ह्या वर्षी चैत्रात तिला डाळ मिळाली नव्हती.

"मावशी, थोडीशीच. मतलब, बस एक वाटी."

"बाळंतिणीला कैरी? वेड लागलंय तुला?"

"आता कुठे बाळंतीण? तुम्हीच तर म्हणालात, आज संपलं म्हणून."

इंदुबाई तिला रागावल्या. मग बाजारात जाऊन मोसमाच्या शेवटच्या दोन कैऱ्या घेऊन आल्या. डाळ वाटली, हाताने कालवली, विभाला वाटीत दिली आणि ती खाताना समोर बसून राहिल्या. उत्तमरावाला कैरी आवडत नसे. म्हणून ती सगळी विभाने खाल्ली.

आषाढात विभाला ताप आला. सांगानेरच्या डॉक्टरने आधी हिवताप म्हणून औषध दिलं. तो फुकट गेलेला वेळ नडला. जयपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा ती तापात हिंदीत बरळत होती आणि मावशीलाही ओळखत नव्हती. मग एके सकाळी आतड्यातून रक्त गेलं. पिशव्यांमधलं रक्त तिच्या दंडात थेंब थेंब उतरत होतं. घरी बाळ शेजारणीच्या मांडीवर वरच्या दुधावर होतं, आणि इंदुबाई व्हरांड्यात जमिनीवर बसून सगळ्या जगाला शिव्या घालत होत्या. सांगानेरच्या नाल्याला, नगरपालिकेला, त्या डॉक्टरला. शिवी लागू पडेल असं माणूस मात्र त्यांना सापडत नव्हतं.

ते तिथे चालत आलं. रत्नप्रभाबाई फळं घेऊन विभाला बघायला आल्या. उत्तमराव त्यांना सांगत होता, की मावशी होत्या म्हणून निभावलं, विभाचं खाणंपिणं सगळं त्यांच्याच हातचं होतं. रत्नप्रभाबाईंच्या हातातली पिशवी खाली आली.

"स्वयंपाक तुम्ही करत होतात?" त्या इंदुबाईंकडे वळल्या. "इथंही?"

"मग कोण करणार?"

"अहो, पण तुम्हाला... तुम्हाला कोणी काहीच बोललं नाही?"

इंदुबाईंनी वर पाहिलं. रत्नप्रभाबाईंचा चेहरा असा झाला होता की ते शब्द परत गिळता आले तर बरं. इंदुबाई उभ्या राहिल्या. काय बोलायला हवं होतं, कोणी, कधी, असं त्या एकेक विचारत गेल्या, आणि रत्नप्रभाबाई भिंतीला टेकून एकेक सांगत गेल्या. डाळ. डॉक्टर. पित्ताशय. मंडळ. शेवटी शौच हा शब्द त्यांनी इतक्या हळू उच्चारला की उत्तमरावाला तो दोनदा विचारावा लागला.

"वैशाखापासून ठाऊक होतं तुम्हाला," इंदुबाई म्हणाल्या.

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"साडी दिलीत तेव्हा ठाऊक होतं."

रत्नप्रभाबाई रडू लागल्या. इंदुबाईंचा आवाज नेहमीसारखा चढला नाही. तो खाली गेला, आणि उत्तमरावाने नंतर सांगितलं की तेव्हा त्याला त्यांची पहिल्यांदा भीती वाटली.

"माझा मान राखलात तुम्ही. त्या मानापायी ही पोरगी तिथं रक्त चढवून घेत पडलीय. माझ्या तोंडावर सांगितलं असतंत, तर मी तुम्हाला शिव्या दिल्या असत्या. दिल्या असत्या ना? आणि दुसऱ्या दिवशी जाऊन तपासून आले असते. एक दिवसाच्या शिव्या खायची तयारी नव्हती होय तुमची?"

पदराने हात पुसण्याची त्यांना सवय होती. त्यांनी पदर उचलला, हातांकडे पाहिलं आणि पदर सोडून दिला.

त्याच दवाखान्यात त्यांनी तपासणीची डबी मागितली. तिथल्या पोऱ्याने लाजून कागदात गुंडाळून दिली, तर त्यांनी कागद काढून टाकला आणि डबी उघडी हातात धरून व्हरांड्यातून चालत गेल्या. निकाल यायला वेळ लागला. यायचा तोच आला. पित्ताशयात खडेही निघाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नुसत्या गोळ्यांनी भागेल असं नाही, पिशवी काढावी लागेल. काढा, इंदुबाई म्हणाल्या. मग डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं की हात कशाने धुता. मातीने, इंदुबाईंनी सांगितलं, आणि का ते सांगू लागल्या. साबणातली चरबी, सासू, सोवळं. अर्ध्यातच थांबल्या. इतकी वर्षं जे मान ताठ करून सांगितलं होतं, ते आता ऐकताना त्यांना स्वतःचाच संताप आला. कोणाला शिवू दिलं नाही, लुगड्याला वारा लागू दिला नाही, आणि जे शिवायला हवं होतं ते एकच शिवलं नाही. सासू मरून गेली होती. तिला जाब विचारायची सोय नव्हती.

विभा वाचली. महिनाभराने ती घरी आली तेव्हा तिचे केस मूठमूठ गळत होते आणि आवाज बारीक झाला होता. दूध आटलं होतं. बाळ तिला परकं समजून रडायचं. इंदुबाई ओट्यावरून बघत. त्या उंबऱ्याच्या आत गेल्या नाहीत. विभाने कितीदा बोलावलं. माझ्या मनात काही नाही, मावशी, असं ती म्हणाली. इंदुबाई म्हणाल्या, तुझ्या नसेल, माझ्या आहे.

ऑपरेशन पावसाळा सरल्यावर झालं. त्यातून उठल्यावर त्या कजोडजीला शोधायला निघाल्या. तो रामगंजच्या बाजूला एका देवळाबाहेर सापडला. कुल्फीचे दिवस नव्हते, तेलात बुडालेल्या कढईपुढे बसून तो कचोऱ्या तळत होता. इंदुबाईंनी मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. ताप माझ्या हातातून गेला, तुमच्या मटक्यातून नाही. त्याने ऐकून घेतलं. माफ केलं असं काही तो म्हणाला नाही. झारा कढईच्या काठावर टेकवला आणि म्हणाला, "माताजी, पहले पूछ तो लेतीं."

वाटभर इंदुबाईंच्या मनात ते वाक्य राहिलं, आणि पुढेही.

पुढचा चैत्र आला. रत्नप्रभाबाईंकडे पुन्हा गौर बसली. डाळ करायला इंदूरहून आलेली भागुबाई नावाची बाई ठेवली होती. इंदुबाईंना बोलावणं नव्हतं, नसणारच होतं. त्या आल्या. परसातून आल्या नाहीत. पुढच्या दाराने, रस्त्यावरून, त्या फिकट कोटा साडीत आल्या आणि ज्या खोलीत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं तिच्या मधोमध उभ्या राहिल्या. आरास अशी दिसते तर, त्यांच्या मनात आलं. फटीतून होती त्यापेक्षा लहान.

रत्नप्रभाबाई बसा म्हणाल्या. कोणीतरी घाईने वाटी पुढे केली. इंदुबाईंनी ती घेतली नाही. "कोणी केलीय?" त्यांनी विचारलं.

पडद्याआडून भागुबाई बाहेर आली, पदराला हात पुसत.

"तुला मुदतीचा ताप आला होता का गं कधी?"

भागुबाई गोंधळली. नाही म्हणाली.

"शौचाहून आल्यावर हात कशाने धुतेस इथं?"

खोलीतल्या एका बाईने मान खाली घातली. दारातून डोकावणारे वसंतराव मागे सरले. भागुबाईने रत्नप्रभाबाईंकडे पाहिलं आणि हळूच सांगितलं की मागे पाण्याचा पिंप आहे, आणि करवंटीत माती आहे.

करवंटी तीच होती. वर्षभर ती तिथून कोणी उचलली नव्हती. सगळं माहीत असून परसातल्या संडासाशी एक साबणाची वडी ठेवायचं ह्या घरात कोणाला सुचलं नव्हतं. न्हाणीघरात मात्र रंगीत डबीत वासाचा साबण होता.

इंदुबाईंनी कनवटीची साबणाची वडी काढली, कागदात गुंडाळलेली, आणि सरळ चालत घरातून परसात गेल्या. पडदा त्यांनी एका बाजूला लोटला, तो तसाच उघडा राहिला. संडासाच्या दाराशी वाकून त्यांनी करवंटी उचलली, भिंतीवर आपटून फोडली, आणि पिंपाच्या काठावर साबण ठेवला. मग स्वतःचे हात धुतले. सावकाश, मनगटापर्यंत, नखांच्या आतपर्यंत. भागुबाई शेजारी उभी राहून बघत होती.

"आता तू," इंदुबाई म्हणाल्या. "आणि ती डाळ ओतून टाक. नवी वाट. गौर थांबेल तेवढी."

आत बायका वाट्या हातात धरून बसल्या होत्या. पहिली वाटी कोणी खाली ठेवायची, ते त्यांचं अजून ठरत नव्हतं.